परत-बघ सिस्टर

देवरे सिस्टरांनी एखादी गोष्ट एकदाच बघून सोडून दिली, असं मी कधी पाहिलं नाही. ऑक्सिजनचा काटा त्या बघायच्या, दोन पावलं पुढे जायच्या, थांबायच्या आणि मागे वळून पुन्हा काट्यासमोर उभ्या राहायच्या. पलंगाची बाजूची दांडी वर केली की ती हलवून बघायच्या, आणि आम्ही केली असली तर आम्हाला हलवायला लावायच्या. "परत बघ," एवढंच म्हणायच्या. आवाज चढलेला नसे, राग नसे; उलट त्यांनाच कसलीशी भीती वाटत असावी असा चेहरा असे. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात त्या आयसीयूच्या इन्चार्ज होत्या आणि आम्ही तिथल्या सगळ्या पोरी आपसात त्यांना परत-बघ सिस्टर म्हणायचो. त्यांना हे माहीत होतं.

अंगानं किरकोळ, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. चष्मा दोरीनं गळ्यात. खिशात तीन पेनं, कारण एक बंद पडलं आणि त्याच वेळी दुसरंही बंद पडलं तर काय करायचं. यजमान अंबडला एका कारखान्यात होते. त्यांची पाळी सुटायच्या वेळी सिस्टर त्यांना फोन करून "निघालात का, हेल्मेट घेतलं का" असं विचारायच्या. पुढे पुढे काका फोन उचलल्यावर 'हॅलो'च्या जागी "घेतलंय" असंच म्हणायचे, ते आम्हाला लांबून ऐकू यायचं. आम्ही हसायचो. सिस्टर हसायच्या नाहीत. "अहो, पण पट्टा लावला का?" हे त्यांचं पुढचं वाक्य असे.

मूळच्या त्या देवळा गावाकडच्या. वॉर्डात बोलणं अगदी शुद्ध, पुस्तकी म्हणावं असं. पण घाबरल्या की अहिराणी बाहेर यायची. एखाद्या पेशंटचं बीपी पडलं की डॉक्टरांना फोनवर सगळं नीट मराठीत सांगायच्या आणि फोन ठेवून पेशंटच्या कपाळावर हात ठेवत म्हणायच्या, "काय व्हयनं रे बाबा तुले?" ती अहिराणी ऐकू आली की आम्ही असू तिथून त्या पलंगाकडे निघायचो.

मी तिथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. हरसूलच्या पुढे आमचं गाव, वडील आश्रमशाळेत शिपाई. मीही त्याच आश्रमशाळेत शिकले. दहावीपर्यंत सगळं मराठीत. अकरावी-बारावी पाठांतरावर काढली आणि बी.एस्सी. नर्सिंगला येऊन पडले. पहिल्या वर्षी शरीररचनेच्या पेपरात एका प्रश्नाच्या सुरुवातीला 'एन्युमरेट' असा शब्द होता. त्याचा अर्थ फक्त नावं लिहा असा होतो, हे मला माहीत नव्हतं. मी एकाच हाडाबद्दल चार पानं लिहिली. त्या वर्षी दोन विषय राहिले. दुसऱ्या प्रयत्नात सुटले, पण काठावर, आणि चार वर्षांची सरासरी चोपन्न टक्क्यांवर थांबली. वर्गातल्या मुली पुढच्या शिक्षणाचं बोलायला लागल्या की मी डबा धुवायला उठून जात असे.

नोकरीत मार्कं कोणी विचारत नव्हतं, याचं मला बरं वाटे. भीती मात्र सुटली नव्हती. कुठल्याही क्षणी कोणीतरी येईल आणि म्हणेल की हिला खरं तर काही येत नाही, असं वाटायचं. आणि सातव्या महिन्यात माझ्या हातून जे झालं, ते सांगितल्याशिवाय सिस्टर कशा होत्या हे कळायचं नाही.

आयसीयूत आहेर आडनावाचे दोन म्हातारे शेजारी शेजारी होते. एकाला मधुमेह होता. दुसरे न्यूमोनियातून उठत होते, त्यांना साखरेचं काही नव्हतं. सकाळी एक मॉनिटर बिघडला म्हणून दोघांच्या जागा बदलल्या होत्या. ओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना एकीनं दुसरीला एकेका पेशंटची माहिती देतात तेव्हा, मला ते सांगितलंही होतं. दुपारच्या जेवणाआधी मी इन्शुलिन भरलं, सवयीनं चार नंबरपाशी गेले, "आजोबा, सुई टोचते हं" म्हटलं आणि दिलं. हातावरची नावाची पट्टी बघितली नाही. सुई टाकायला वळले, तर शेजारच्या पलंगावरून मधुमेहाचे आहेर म्हणाले, "माझं इंजेक्शन राह्यलं ना, ताई."

मी चार नंबरच्या हातावरची पट्टी वाचली. आजूबाजूला कोणी नव्हतं. कोणी बघितलं नव्हतं. दोन-तीन मिनिटं मी तशीच उभी राहिले, आणि त्या मिनिटांत माझ्या मनात काय काय आलं ते मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही. मग मी सिस्टरांच्या टेबलापाशी गेले.

"सिस्टर, मी चुकीच्या पेशंटला इन्शुलिन दिलं."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "किती?"

"दहा युनिट."

"कधी?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील."

"ग्लुकोमीटर आण. रडायचं नंतर."

डॉक्टर आले. दर पंधरा मिनिटांनी साखर बघायची ठरलं. सिस्टर पलंगापाशी स्टूल घेऊन बसल्या. एकशे दहा, ब्याण्णव, चौऱ्याहत्तर. एकसष्टला शिरेतून ग्लुकोज दिलं. आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. "भूक लागली लय," ते म्हणाले. सिस्टर त्यांचा तळहात चोळत होत्या आणि अहिराणीत काहीतरी पुटपुटत होत्या. त्यांची पाळी तीनला संपली. साखर ओळीनं तीनदा शंभरच्या वर आल्यावर, सातच्या सुमारास, त्या स्टुलावरून उठल्या.

मधल्या वेळात आजोबांची मुलगी आली. मला वाटलं, सिस्टर तिला काहीतरी गोल गोल सांगतील. त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, "ताई, आमच्याकडून तुमच्या वडिलांना दुसऱ्याचं इंजेक्शन गेलं. आम्ही लगेच उपचार सुरू केलेत, पण गेलं हे खरं आहे." त्या बाई मला जे बोलायचं ते बोलल्या. त्यात चुकीचं काही नव्हतं.

मग घटनेचा फॉर्म भरायचा होता. मी सुरुवात केली, 'सकाळी बेड बदलल्यामुळे'. सिस्टरांनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला. "बेडपासून सुरुवात करू नकोस. हातावरची पट्टी बघितली नाही, तिथून कर." मी नवा कागद घेतला. खाली त्यांनी सही केली आणि सहीच्या वर लिहिलं, 'पाळीची इन्चार्ज म्हणून मीही जबाबदार.'

मला लेखी ताकीद मिळाली. महिनाभर औषध देताना दुसरी सिस्टर शेजारी हवी असं ठरलं. मी सगळं सोडून गावी जायचं मनात पक्कं केलं होतं. वडील फोनवर म्हणाले, "ये मंग. इथंबी दवाखाना हाय, बघू काय तरी." पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सिस्टरांचा फोन आला. "भोये, आठची ड्युटी आहे तुझी. येतेयस ना?" मी हो म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "निघालीस का?"

त्यानंतर साधारण वर्षानं एकदा त्यांनी आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. पुण्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. नर्सिंगसाठी प्रवेश परीक्षा होती. "फॉर्म भर," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. "सिस्टर, माझी मार्कं माहीत आहेत का तुम्हाला?"

"नाहीत. उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी चारही वर्षांच्या मार्कलिस्टा त्यांनी औषधांच्या ट्रॉलीवर ओळीनं मांडल्या, चष्मा चढवला आणि पेशंटचा तक्ता बघावा तशा बघितल्या. एक्कावन्न, बावन्न, चोपन्न, एकोणसाठ.

"अर्जाला पंचावन्न लागतात," मी म्हटलं. "आम्हा आदिवासींना पाच टक्क्यांची सवलत आहे, म्हणून भरता येईल. पण घेणार कोण?"

त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "एखाद्याचा ऑक्सिजन असा चढत गेला असता, तर डॉक्टरांना तू काय सांगितलं असतंस?"

"सुधारतोय म्हणून."

"मग?" असं म्हणून त्यांनी कागद गोळा केले.

अभ्यास आम्ही ड्युटीनंतर कपडे बदलायच्या खोलीत करायचो, रोज अर्धा तास. सिस्टर डिप्लोमावाल्या. इंग्रजी प्रश्न त्यांना नीट वाचता येत नसत आणि त्या ते लपवत नसत. मी प्रश्न मराठीत सांगायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, अशी रीत पडली. दहातली सात-आठ उत्तरं त्या पर्याय ऐकायच्या आधीच द्यायच्या. कारण मात्र माझ्याकडून वदवून घ्यायच्या. "मला समजलं तर तुला समजलं," म्हणायच्या. समजलं नाही की त्यांचा चेहरा इतका काळजीत पडे, की मी आपोआप पहिल्यापासून सुरुवात करी.

एकदा प्रश्न आला, सतत पडून असलेल्या पेशंटची कातडी एखाद्या जागी लाल झाली तर काय कराल. "हलक्या हातानं मालिश," सिस्टर म्हणाल्या. पुस्तकात होतं, मालिश करू नये, आतून आणखी इजा होते. कूस बदलावी, दाब काढावा. त्या म्हणाल्या, "परत बघ." मी दुसरं पुस्तक काढलं. त्यातही तेच होतं. सिस्टरांनी दोन्ही पुस्तकं मिटून बाजूला ठेवली. "वीस वर्षं मी मालिश शिकवली," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओव्हरला त्यांनी सगळ्यांना थांबवलं. डॉक्टरही होते. "लाल जागेवर मालिश करायला मी तुम्हाला शिकवलंय," त्या म्हणाल्या. "ते चूक आहे. आजपासून कोणी करायची नाही." मग सफाईच्या मावशींपर्यंत सगळ्यांना जाऊन सांगून आल्या. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

पहिल्या वर्षी माझं झालं नाही. परीक्षेच्या यादीत मी फार खाली होते. आणखी एका कॉलेजात चौकशीला गेले, तर खिडकीतल्या माणसानं मार्कलिस्ट बघून कागद परत सरकवले. "एवढ्यावर कशाला येता लांबून?" तो म्हणाला. गावी वडील म्हणाले, "नाय झालं तं नाय झालं. नोकरी हाय ना हातात." मला बरं वाटावं म्हणूनच ते म्हणत होते, आणि मला खरोखरच बरं वाटलं. त्याचीच मला मागाहून धास्ती वाटली. पण सिस्टरांना मी सांगून टाकलं, की आता पुन्हा नाही.

त्या तेव्हा इमर्जन्सी ट्रॉलीतली औषधं मोजत होत्या. हात थांबला, पण वर बघितलं नाही.

"डिप्लोमानंतर डिग्री करता येते," त्या म्हणाल्या. "मी दोनदा फॉर्म आणला. दोन्ही वेळा पूर्ण भरला. मग वाटलं, काही चुकलंय का बघू. कागद सगळे आहेत का बघू. एकदा कोणाला तरी दाखवू. बघता बघता तारीख गेली. दुसऱ्यांदा तर काकांना मी कळूही दिलं नाही, तो फॉर्म अजून कपाटात आहे." मग म्हणाल्या, "तू भर आणि पाठवून दे, यमुना. मला दाखवू नकोस."

वॉर्डात त्यांनी मला नावानं हाक मारली ती तेवढीच.

दुसऱ्या वर्षी परीक्षा बरी गेली. मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत दोन शिफारसपत्रं हवी होती, बंद पाकिटात. माझ्या जुन्या कॉलेजनं तीन ओळींचं पत्र दिलं, की ही आमची विद्यार्थिनी होती आणि वर्तन चांगलं होतं. दुसरं सिस्टरांकडून घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, इंग्रजीत टाइप करून आणते, तुम्ही फक्त सही करा. "मला न कळणाऱ्या कागदावर मी सही करत नाही," त्या म्हणाल्या. चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी पाकीट दिलं. चिकटवलेल्या जागी आडवी सही आणि सहीवर चिकटपट्टी.

"यात काय आहे, सिस्टर?"

"तुझ्याबद्दल आहे," त्या म्हणाल्या आणि काहीतरी काम निघाल्यासारख्या दुसरीकडे गेल्या. त्यांचा चेहरा मला बरा दिसला नाही.

पुण्याच्या बसमध्ये ते पाकीट मी दोनदा खिडकीच्या उजेडात धरलं. आत निळ्या शाईच्या ओळी होत्या, अक्षर लागत नव्हतं. नारायणगावला बस थांबली, तर पाकिटावर काही सांडेल म्हणून चहासुद्धा घेतला नाही.

मुलाखतीला तिघं होते. मध्ये प्राचार्य मॅडम, एका बाजूला एक वयस्कर डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लिहून घेणाऱ्या एक तरुण मॅडम.

"पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते," प्राचार्य म्हणाल्या. "का?"

याचं इंग्रजी उत्तर मी पाठ केलं होतं. त्यातला पहिला शब्दच आठवेना. शेवटी मी मराठीत 'एन्युमरेट'ची हकिगत सांगितली, एका हाडावर लिहिलेल्या चार पानांसकट. डॉक्टर किंचित हसले. प्राचार्य हसल्या नाहीत. त्यांनी सिस्टरांचं पाकीट फोडलं, आत बघितलं आणि "हे मराठीत आहे" म्हणत डॉक्टरांच्या हातात दिलं. ते मोठ्यानं वाचू लागले.

'यमुना भोये हिला मी जवळजवळ तीन वर्षं ओळखते. तिची मार्कं कमी आहेत, ती आपल्याकडे आहेतच. कामाला लागल्यावर सातव्या महिन्यात तिने एका पेशंटला दुसऱ्याचं इन्शुलिन दिलं. ही मोठी चूक आहे. तेव्हा तिथे कोणी नव्हतं. पेशंटला काही झालं असतं तर ते आजारानं झालं असं आम्ही सगळ्यांनी धरलं असतं. ती पाच मिनिटांत माझ्याकडे आली आणि स्वतः सांगितलं. म्हणून तो पेशंट चालत घरी गेला. मी अठ्ठावीस वर्षं या कामात आहे. असं स्वतः येऊन सांगणारी माणसं मी फार बघितली नाहीत. माझ्या वॉर्डातल्या पेशंटची मला सतत काळजी वाटते. ही ड्युटीवर असते तेव्हा थोडी कमी वाटते. कळावे.'

इन्शुलिन हा शब्द आला तेव्हाच मला वाटलं, संपलं. पुढचं मी ऐकलं, पण ते दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं.

"हे खरं आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो."

"पत्रात नसतं, तर तुम्ही आम्हाला हे सांगितलं असतं?"

मी विचार केला. "नाही, मॅडम. आज नसतं सांगितलं."

तरुण मॅडमनी लिहिता लिहिता वर बघितलं. मग डॉक्टर पुढे झुकले आणि त्या दिवसाबद्दल एकेक विचारू लागले. कुठलं इन्शुलिन, साखर किती वाजता किती, ग्लुकोज केव्हा दिलं, त्यानंतरही साखर पुन्हा का उतरू शकते. यातलं काही मला पाठ करावं लागलं नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं मी बोलत होते, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि इंग्रजी कुठे सुरू झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

परतीच्या बसमध्ये मात्र राग आला. ज्या गोष्टीनं मला वर्षभर धड झोपू दिलं नव्हतं, तीच सिस्टरांनी माझ्याच हातानं पुण्याला पाठवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टोअरमध्ये गाठलं. "तुम्ही ते का लिहिलंत?"

"त्यांनी विचारलं होतं, हिला का घ्यावं," त्या म्हणाल्या. "मी दुसरं काय लिहिणार होते?" मग चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. "मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तू निघालीस त्या सकाळी पाकीट परत मागून घ्यावं म्हणून मी स्टँडवर आले होते. बस सुटली होती."



प्रतीक्षा यादीत माझं नाव दुसरं लागलं. पहिलीला आठ दिवसांत बोलावणं गेलं. मग काहीच हालचाल नाही. प्रवेश बंद व्हायचा दिवस उजाडला. इन्चार्ज सोडून सगळ्यांनी ड्युटीवर मोबाइल कपाटात ठेवायचा नियम होता. त्या दिवशी सिस्टरांनी माझा मोबाइल आपल्या टेबलावर ठेवायला लावला. त्यांनी नियम मोडलेला मी तेवढाच बघितला. दुपारी मी औषधं देत असताना तो वाजला. मी ट्रे खाली ठेवायला लागले.

"आधी हातातला डोस दे," सिस्टर म्हणाल्या.

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला. मी पेशंटला नाव विचारलं, हातावरची पट्टी वाचली, औषध दिलं, तक्त्यावर सही केली आणि मग टेबलाकडे गेले. एक जागा सुटली होती. दोन तासांच्या आत मेलवर होकार आणि कागद हवे होते. मी ते पाठवत असताना सिस्टर माझ्या मागे उभ्या होत्या. 'परत बघ' म्हणाल्या नाहीत.

"काय व्हयनं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाठवलं, सिस्टर. मिळालं."

त्या खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळानं उठल्या आणि माझ्या राहिलेल्या पेशंटांची औषधं द्यायला गेल्या.

पुण्याची दोन वर्षं सोपी गेली नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत मी दोनदा बॅग भरली. पण पास झाले, या वेळी काठावर नाही, आणि नाशिकला एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. विद्यार्थिनींना घेऊन मला त्याच आयसीयूत यावं लागे. सिस्टर सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणायच्या, आणि एकटी सापडले की "भोये, वजन उतरलंय तुझं, रक्त तपासलंस का?"

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी तिथेच होते. रुग्णालयानं दुपारी छोटा समारंभ ठेवला होता. सिस्टर तिथे पाच मिनिटं बसल्या, हार घेतला आणि ओव्हर द्यायला वॉर्डात परत आल्या. नवी इन्चार्ज वही घेऊन त्यांच्याबरोबर पलंगापलंगाशी फिरत होती, मागे माझ्या विद्यार्थिनी. "सहा नंबर, यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, डावीकडून बोला. आठ नंबर, बायकोला जेवायच्या वेळी आत बसू द्या, नाहीतर हे जेवत नाहीत. अकरा नंबर सगळ्याला हो म्हणतात, दुखतंय का ते विचारू नका, चेहरा बघा." पंधरा मिनिटांचं ओव्हर पाऊण तास चाललं. शेवटी त्यांनी किल्ल्या दिल्या, वहीवर सही केली, आणि आता काय करायचं हे न कळल्यासारख्या टेबलाशी उभ्या राहिल्या. मी त्यांची पिशवी उचलली.

काका महिनाभर आधीच गावी जाऊन घर लावत होते. सिस्टरांना मी स्कूटरवर बसवून स्टँडवर नेलं. वाटेत त्यांनी मला चारदा इंडिकेटर लावायला सांगितलं. देवळ्यावरून जाणारी सटाण्याची बस लागली होती. खिडकीशी जागा मिळाली. त्या गजांतून म्हणाल्या, "शिकवताना भीती वाटते का गं?"

"रोज वाटते."

"वाटू दे," त्या म्हणाल्या.

बस गेल्यावर मी विद्यार्थिनींची हजेरी घ्यायला वॉर्डात परत आले. तासाभरानं फोन वाजला. मागे बसचा आवाज होता.

"पिंपळगावला थांबलीय गाडी. ऐक, नऊ नंबरचं पोटॅशियम पाठवलंय लॅबला. रिपोर्ट यायचाय, ओव्हरमध्ये सांगायचं राहिलं माझ्याकडून."

मी फोन हातात धरूनच नऊ नंबरपाशी गेले. नवी इन्चार्ज तिथेच होती. रिपोर्ट आला होता. पोटॅशियम कमी होतं, डॉक्टरांना कळवलं होतं, ड्रिप लागली होती. मी बाटली बघितली, तिच्यावरचं नाव बघितलं, थेंब मोजले आणि सिस्टरांना सगळं सांगितलं.

"तू स्वतः बघितलंस?"

"हो, सिस्टर. इथेच उभी आहे."



"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता झोपते मी. देवळ्याला उठवायला कंडक्टरला सांगितलंय."

फोन बंद झाला, आणि त्या दिवशी पुन्हा वाजला नाही.